निवताना

चिमट्याचं टोक नुसतं लागलं, आणि गेला पावसाळा संपल्यापासून ज्याची वाट पाहिली तो स्फटिक समीक्षाच्या डोळ्यांदेखत भुगा झाला. आवाज म्हणाल तर नखाखाली तीळ चिरडावा एवढाच. क्षणापूर्वी करंगळीच्या पेराएवढा, पाण्यासारखा स्वच्छ तुकडा काळ्या कापडावर होता. आता तिथं पांढरी पूड होती आणि जांभळ्या दिव्याचा झोत तिच्यावर तसाच पडलेला होता. त्या दिव्याखाली तुकडा लालसर उजळायचा. पूड नारिंगी उजळत होती. म्हणजे तो नुसता फुटला नव्हता, आतून बदलला होता. भट्टीवरचा पुंडलिक शेजारी उभा होता. तो म्हणाला, "गेला, मॅडम." समीक्षा नुसती त्या पुडीकडे बघत राहिली. शेवटी पुंडलिकलाच राहवलं नाही. "सकाली पेढं आणलं मी. आता त्ये कुनी खायचं?" असं म्हणून तो उगाच हसला आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळला.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांच्या आणि औषधांच्या बड्या कारखान्यांच्या पाठीमागे जिथं डांबरी रस्ता संपतो, तिथं ह्यांची शेड आहे. दोन भट्ट्या, एक थंड खोली आणि चार माणसं. इथं काय शिजतं ते बाहेरून जाणाऱ्याला कधी कळलेलं नाही. शिजतात ते दगड. अंगातून आरपार जाणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण झेलून क्षणभर उजळणारे दगड. इस्पितळातल्या मोठ्या तपासणी यंत्रांच्या पोटात असे दगड रांगेनं बसवलेले असतात. समीक्षाच्या वाट्याला आलेला दगड ल्युटेशियम बोरेटचा. वजनाला भारी, उजळायला चांगला, पण एक खोड वाईट. तापलेला असताना त्याच्या आतले कण एका मांडणीत बसतात आणि निवताना, अजून लालभडक असतानाच, ती मांडणी सोडून दुसरी धरतात. तेच कण, तेवढेच कण, फक्त बसायची तऱ्हा वेगळी. पण ह्या दुसऱ्या तऱ्हेला जागा जास्त लागते. सगळं जग निवताना आकसतं, आणि हा पठ्ठ्या फुगतो. फुगताना स्वतःच्याच अंगानं स्वतःला फोडून घेतो. हळू निववला तरी फुटायचा, आणखी हळू निववला तरी फुटायचा. मुशीतून दर वेळी खडूसारखी पूड निघायची. शेवटी समीक्षानं ठरवलं की त्याला वेळच द्यायचा नाही. बदलायची वेळ यायच्या आत त्याला असा झटक्यात खाली ओढायचा की कणांना उठून दुसरीकडे बसायला सवडच मिळू नये. तसं केलं, आणि काल संध्याकाळी तो तापलेल्या मांडणीतच, अख्खाच्या अख्खा, खोलीच्या हवेत आला. साहेबांनी मुंबईहून फोन करून तिचं कौतुक केलं. तुकडा कापडावर शांत पडून होता. आतल्या प्रत्येक कणाला उठून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, हे बाहेरून कुणाला कसं दिसावं?

पुंडलिक कुंचल्यानं पूड गोळा करायला लागला तेव्हा समीक्षा त्याला राहू दे म्हणाली आणि स्टुलावर बसली. गंमत म्हणजे तिच्या मनात आता स्फटिक नव्हताच. तिला बाबा आठवला होता. सकाळी निघताना त्यानं दोघांचे कप धुऊन ओट्यावर पालथे घातले होते आणि रोजच्यासारखं विचारलं होतं, "आज उशीर व्हईल का गो?" ती नाही म्हणाली. तो म्हणाला, "बरं." हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. दोन महिन्यांपूर्वी आई गेल्यावर ती त्याला म्हणाली, आता गावात एकटा राहू नकोस, माझ्याकडे चल, तेव्हा तो बरं म्हणाला. दुधाची पिशवी आण म्हटलं, बरं. गोळ्या घे म्हटलं, बरं. आयुष्यभर शब्दाला शब्द लावणारा, मिठागराच्या मुकादमाशी भांडून दुपारचं जेवण टाकणारा गुणाजी, त्याला इतकं बरं म्हणता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. पुढ्यात येईल ते जेवायचा, टीव्हीसमोर बसायचा, वेळेवर झोपायचा. नातेवाइकांचे फोन यायचे, तेव्हा सगळे वाखाणायचे: गुणाजीनं धीर धरला हो, मानलं पाहिजे. समीक्षालाही त्याचा अभिमान वाटायचा. बाबांनी छान सावरलं स्वतःला, असं तिनं कंपनीतसुद्धा सांगितलं होतं. आपल्यासमोर तो एकदाही रडला नाही, हे तिनं आजवर त्याच्या जमेच्या बाजूला धरलं होतं. आता ती त्या नारिंगी पुडीकडे बघत होती आणि तिला भीती वाटत होती, अगदी सरळसाधी, लहान मुलाला वाटते तशी.

कारण त्याला झटक्यात खाली ओढणारी तीच होती. आईची बातमी आली तेव्हा ती इथंच, ह्याच स्टुलावर होती. भट्टी ऐन धगीवर होती. आई सकाळी अंगण झाडता झाडता बसली ती उठली नाही. सरूकाकीनं शेजारून फोन केला आणि समीक्षानं तो फोन ठेवून आधी पुंडलिकला भट्टीचे आकडे समजावले, दोनदा समजावले, मग निघाली. गावात पोचली तेव्हा सगळे तिच्यासाठीच थांबलेले. हौसाबाईची एकुलती एक लेक, ती आल्याशिवाय उचलायचं कसं? दारात सरूकाकी दोन्ही हात पसरून पुढं आली, तोंडानं सूर लावत, लेकीला गळ्यात घ्यायला. आणि समीक्षानं त्या पसरलेल्या हातांत आपली पर्स दिली. हे जरा धर काकी, डॉक्टरांचा दाखला मिळाला का? असं म्हणाली. सूर तिथंच तुटला. बायका एकमेकींकडं बघून गप्प झाल्या, पदर तोंडाला लावून भिंतीकडेनं बसल्या. तिनं दाखला आणला, लाकडांचं बघितलं, खुर्च्या मागवल्या, मुंबईच्या मामांना घ्यायला वडखळच्या नाक्यावर रिक्षा पाठवली. भटजींना विचारून तिसऱ्याच दिवशी सगळं एकदम उरकून घेतलं. आजकाल पुष्कळजण तसं करतात, त्यात वावगं काही नाही. भटजींनीही मान डोलावली. चौथ्या दिवशी तिनं बाबाचे कपडे बॅगेत भरले, गॅसची टाकी बंद केली, घराला कुलूप लावलं आणि किल्ली सरूकाकीकडं ठेवली. आईच्या साड्या दांडीवर तशाच राहिल्या. कुणी म्हणालंही, घाई होतेय गो, थोडं राहू दे त्याला इतं. ती म्हणाली, इथं राहिला तर त्याला आठवणी छळतील. किती शहाण्यासारखं वाटलं होतं ते बोलताना! बदलायला वेळच द्यायचा नाही ही युक्ती तिला भट्टीसमोर सुचली अशी तिची समजूत होती; ती तिनं त्याआधीच घरच्या माणसावर वापरली होती.

"मी जाते," ती पुंडलिकला म्हणाली. "जरा घरी जाऊन येते." पुंडलिकनं मान हलवली. त्याला वाटलं, मॅडमना स्फटिकाचं लागलं. बाहेर वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. स्कूटरच्या सीटला हात लागत नव्हता. कुंडलिका नदीच्या पुलावरून येताना तिनं स्वतःला समजावलं की बाबा आता टीव्हीसमोर डुलक्या घेत असेल, आपल्याला अवेळी बघून दचकेल, आणि आपण काय म्हणणार? रड म्हणणार? म्हातारा हसेल. पण जिना चढून गेली तर दाराला कुलूप. तिनं बेल दाबली. कुलूप लावलेल्या घराची बेल कुणी दाबतं का, पण दाबली, आणि आत ती वाजलेली ऐकली. खालच्या मजल्यावर दीपिकाचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मशीन थांबवून ती बाहेर आली. "आजोबा? ते तर रोजच जातात की ताई. तुम्ही गेलात की पाठोपाठ निघतात, डबा घेऊन. तुम्ही यायच्या आत परत येतात. तुम्हाला ठाऊक नाही?" समीक्षा म्हणाली, "आहे ना. विसरले." मग तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठली गाडी पकडतात?" दीपिका म्हणाली, "पेणची. अर्ध्या तिकिटात मजा करतात म्हणाले होते एकदा."

पेणच्याच वाटेवर त्यांचं गाव. भिसे खिंडीच्या वळणांवर तिला आपण किती वेगात चाललोय ते कळत नव्हतं. दोन महिने हा माणूस रोज निघून जातो आणि रोज परत येऊन टीव्हीसमोर बसतो; आणि आपण येऊन विचारतो, काय केलंस दिवसभर? तो म्हणतो, काय नाय. त्या काय नाय मध्ये काय काय असेल? कुलूपबंद घराच्या ओटीवर तो एकटा बसलेला तिला दिसला, भिंतीला डोकं टेकून. नंतर ओटीवर कुणीच नाही असंही दिसलं. खाडी घरापासून हाकेच्या अंतरावर. भरतीला बांधाला पाणी लागतं. बांध तिकडं कधीचा फुटलाय, आणि जिथं आईबापांनी जन्म काढला त्या मिठागरात आता खारफुटी आहे, तिथं माणूस पडला तर दिसायचासुद्धा नाही. तिनं जोरात हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं. नागोठणं गेलं. महामार्गावर कंटेनरांची रांग, धूळ, कडेला कलिंगडांचे ढीग. तिला अचानक आईचे पाय आठवले. मिठाच्या पाण्यात दिवसभर उभं राहून टाचांना पडलेल्या भेगा, आणि त्यात ती रात्री मेण भरायची. मेण वितळवताना बाबा वाटी धरायचा आणि आई त्याला शिव्या घालायची, कारण तो नेमका हलायचा. त्यांचं आयुष्य असं भांडणातच गेलं, दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. समीक्षाला शिकवायचं हे एवढंच काय ते त्यांनी न भांडता ठरवलं. ती शिकली. धातूंची नावं शिकली, कण कसे बसतात ते शिकली, परीक्षेत पहिली आली, आणि आई तिला विचारायची, तू दगड तापवतंस म्हनजे नक्की काय करतंस गो? एकदा बसवून नीट सांगायचं राहून गेलं. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला असं करत राहून गेलं. ह्या विचाराशी आल्याबरोबर तिचं मन नेहमीसारखं चटकन बाजूला झालं आणि पुढच्या प्रयोगाकडे वळलं: दुसऱ्या एखाद्या धातूचे थोडे कण मिसळले तर ती मांडणी कदाचित टिकेल. हे तिचं रोजचंच होतं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

वडखळच्या अलीकडं तिनं स्कूटर खाडीच्या कच्च्या रस्त्याला घातली. गाव दुपारचं निजलं होतं. कुत्रीसुद्धा सावलीत. घराच्या कुंपणाशी ती उतरली आणि तिचे पाय थांबले, कारण घराला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं, अंगण झाडलेलं होतं, दोरीवर आईच्या साड्या उन्हं खात होत्या. आतून बोंबील भाजल्याचा वास येत होता. ओटीवर सुपात वाल घेऊन बाबा बसला होता आणि समोर सरूकाकी. तो काहीतरी सांगत होता, तिला सुरुवात ऐकू आली नाही. "...चिखलात पडली कमरेपर्यंत, आनि मनाच म्हनते, तू ढकललास! मी त्या बांधाला, ती या बांधाला. माझा हात काय बांबू हाय?" सरूकाकी हसायला लागली. बाबाही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला, खांदे हलायला लागले, आणि तो रडला, मोठ्यानं, लाज न बाळगता, नाक पंचाला पुसत. सरूकाकीनं त्याला समजावलं नाही. ती वाल निवडत राहिली. थोड्या वेळानं त्यानंच डोळे पुसले, सुपातला एक किडका दाणा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाला, "पन मीठ काडायला तिच्यासारखी बाई नवती." सरूकाकी म्हणाली, "त्ये तर व्हतंच."

समीक्षा कुंपणाशी उभी होती. तिला हायसं वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण पाठोपाठ, का कोण जाणे, राग आला. बाबानं वर बघितलं. चोरी पकडली जावी तसा त्याचा चेहरा झाला. "तू गो? आत्ता? भट्टी बंद पडली का?"

"तू रोज इथं येतोस?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलंस? तुला इथंच राहायचं होतं तर तसं म्हणायचं. मी काय जबरदस्ती केली असती?" हे बोलताना तिला स्वतःलाच ते खोटं लागलं, तरी ती बोलली. "मला काय वाटलं असेल, रस्ताभर काय काय आलं मनात, कळतं का तुला?"

बाबा सुपातले वाल चाळत राहिला. सरूकाकीच म्हणाली, "आमी सगली बोललो त्याला. आता हितंच रहा गुणाजी, दोन भाकऱ्या आमच्याकं जास्ती पडतील. ऐकत नाय. सांज झाली का एस्टीसाठी पलतं."

"कशाला?" समीक्षा बाबाकडं वळली. "इथं तुझं सगळं आहे. माणसं आहेत. मग कशाला येतोस परत रोह्याला?"

बाबानं सूप बाजूला ठेवलं. पंचानं हात पुसले, एकेक बोट करून पुसले. "तू येतंस ना घरी सांजची," तो म्हणाला.

"माझं काय? मी बरी आहे."

"त्येच तर." त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघितलं. डोळे अजून ओले होते, पण त्या डोळ्यांत मोडलेलं काही नव्हतं. होती ती काळजी, जुनी, तिच्या लहानपणी ताप भरला की असायची तशी. "आय गेल्यावर इतकी बरी कोन असतं गो? मी आपला हितं येतंय, बोलतंय, रडतंय, माझं व्हतंय हलू हलू. तुझं कायच नाय. त्या दिवशी नाय, तिसऱ्याला नाय. हितं असताना नाय, तितं गेल्यावर नाय. मना म्हनालीस चल, तवा मी मनात म्हनलं, जाऊ दे, हिच्या संगं कुनीतरी पायजे. राती तुझ्या खोलीकं कान देऊन पडतंय मी. आज रडेल, उद्या रडेल. तुला तशी टाकून हितं कसा ऱ्हाऊ?"

समीक्षाकडे ह्याचं उत्तर होतं. कामाचा व्याप असतो, प्रत्येकाचं दुःख निराळं असतं, रडलं म्हणजेच प्रेम असतं असं नाही; अशी पुष्कळ उत्तरं तिच्याकडे तयार होती आणि ती सगळी खरी होती. ती ओटीची पायरी चढली. मी बरी आहे बाबा, एवढंच पुन्हा म्हणायचं असं ठरवून तिनं तोंड उघडलं, आणि आतून जे आलं ते शब्द नव्हते. आपण ओरडतोय हे तिला आधी कानांनी कळलं. पायरीवर ती कशी बसली ते तिला समजलं नाही, बाबानं तिचं डोकं कधी छातीशी धरलं तेही नाही. त्याच्या सदऱ्याला बोंबलाचा आणि घामाचा वास येत होता आणि ती त्या सदऱ्यात तोंड खुपसून आय, आय, अशी हाक मारत होती, कित्येक वर्षांत न मारलेली, गावातली हाक. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत फक्त एवढंच म्हणत होता, "व्हय गो. व्हय." खाडीकाठच्या गावात एखाद्या घरातून असा आवाज आला की काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. भर उन्हात शेजारची दारं उघडली, आणि निजलेल्या बायका उठून, पदर सावरत, अनवाणी, हौसाच्या लेकीला गळ्यात घ्यायला एकेक करून अंगणात येऊ लागल्या.